ऐकू येत नाही म्हणून जोर, जोर लावला म्हणून चिखल

पत्र: दीड वर्षापासून बेस वाजवतोय, नोकरी सांभाळून, रात्री घरी. चार तारांचा जाझ पद्धतीचा बेस आणि १० इंची स्पीकरचा ३० वॉटचा सरावाचा ॲम्प, एवढंच सामान आहे. तीन महिन्यांपूर्वी एका बँडमध्ये घेतलं: दोन गिटार, ड्रम आणि एक गायिका. सहा आठवड्यांनी पबमध्ये आमचा पहिला कार्यक्रम आहे, पाऊण-पाऊण तासाचे दोन सेट. घरी माझा आवाज झकास येतो, पण रिहर्सलला मला स्वतःचंच काही ऐकू येत नाही. आवाज वाढवला की ड्रमर म्हणतो, नुसतं घुमतंय. कमी केला की गिटारवाला विचारतो, बेस आहे कुठे? चौथ्या-पाचव्या गाण्यापर्यंत डावा अंगठा आणि मनगट भरून येतं. मोठा ॲम्प घेऊ, कंप्रेसर पेडल घेऊ की पाच तारांचा बेस घेऊ? एकाच गोष्टीपुरते पैसे आहेत.
— खर्ज हरवलेला

उत्तर:

तुमच्या तक्रारी दोन दिसतात, पण मूळ एकच आहे. स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून उजव्या हाताची बोटं तार जोरात ओढतात. जोरात ओढलेली तार फ्रेटवर आपटते, सूर आधी किंचित चढतो आणि लगेच विझतो. उजवा हात जोर करू लागला की डावाही नकळत आवळला जातो, मग अंगठा भरून येणारच. शिवाय तो सगळा जोर आवाजात उतरतच नाही, कारण छोटा स्पीकर केव्हाच थकलेला असतो. म्हणून मनगटाचा इलाज मनगटापाशी शोधू नका.

खरेदीचं उत्तर आधी देतो: पैसे ॲम्पवर घाला, पण आज नाही. पहिले तीन आठवडे नव्या तारांचा एक संच, रुंद पट्टा आणि इअरप्लग सोडून काहीही विकत घेऊ नका. बेस नीट लावलेला नसेल आणि नॉब चुकीच्या जागी असतील, तर ३०० वॉटचा ॲम्प तोच चिखल दुप्पट मोठा करून ऐकवेल.

सुरुवात बेसच्या सेटअपपासून. तारा दीड वर्ष बदलल्याच नसतील, तर ४५-६५-८५-१०५ जाडीचा संच घ्या. हा सर्वात प्रचलित संच आहे आणि बहुतेक चार तारी बेस याच जाडीसाठी लावलेले असतात. एकेक तार बदला, चारही एकदम काढू नका, म्हणजे मानेवरचा ताण अचानक सुटत नाही. खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटिमीटर तार जास्तीची ठेवा, ती आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा. न वाकवता कापली तर बाहेरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल पडू शकतं, आणि अशी तार कायम मेल्यासारखी वाजते. खुंटीभोवती दोन-तीन वेढे पुरेत, तेही वरून खाली उतरत जाणारे, म्हणजे तार नटवर (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर) घट्ट बसते.

नव्या तारा सुरात आणल्यावर मानेचा बाक बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटच्या फ्रेटवर ई तार (सगळ्यात जाड) दाबा, आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट मोजा. साधारण ०.३ मिलिमीटर हवी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळी) घड्याळाच्या दिशेने फिरवा, फटच नसेल तर उलटा. एका वेळी पाव फेराच, मग पुन्हा सुरात आणा आणि पुन्हा मोजा. रॉड अडकल्यासारखा वाटला तर जोर करू नका, तिथे कारागिराकडे जाण्यातच शहाणपण आहे. बाक जमला की तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि जी तारेखाली (सगळ्यात बारीक) २ मिलिमीटर. दुकानातून आलेले बेस बऱ्याचदा यापेक्षा उंच लावलेले असतात, आणि उंच तार दाबायला दर सुराला थोडी जास्त ताकद लागते. पाऊण तासाच्या सेटमध्ये हजारो सूर वाजतात, तेव्हा ही थोडी ताकद थोडी राहत नाही.

शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी जुळतो का ते ट्यूनरवर बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (बेसच्या बुडाशी तार टेकते तो तुकडा) मागे न्या, म्हणजे तारेची लांबी वाढते. उतरा असेल तर पुढे आणा. हा क्रम मोडू नका. उंची आधी लावली आणि मग बाक बदलला तर उंची पुन्हा बिघडते, आणि उंची बदलली की बाराव्या फ्रेटचा हिशेबही बदलतो.

आता हात. ३४ इंची स्केलच्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर असतं. गिटारवर हेच अंतर १० सेंटिमीटरच्या आत येतं. गिटारसारखं ‘एका फ्रेटला एक बोट’ धरून खालच्या पट्टीत हात ताणून ठेवला, तर कोणाचंही मनगट दुखेल. पाचव्या फ्रेटपर्यंत डबल बेसवाल्यांची पद्धत वापरा: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, अनामिका करंगळीला टेकू देणारी. तीन फ्रेट हाताखाली, चौथ्यासाठी हात सरकवायचा. सुरुवातीला हे सरकणं अवघड वाटतं, पण दोन आठवड्यांत ते अंगवळणी पडतं. अंगठा मानेच्या मागे मधल्या बोटासमोर नुसता टेकलेला राहू द्या. अंगठा पूर्ण काढूनही सूर निघतो का, हे अधूनमधून तपासा. निघत असेल तर तुमची पकड ठीक आहे.

किती दाबायचं ते ठरवायला एक सोपा प्रयोग आहे. एक सूर दाबून वाजवत राहा आणि बोटाचा दाब हळूहळू कमी करा. तार झणझणायला लागली की किंचित दाब परत द्या, बस, तेवढाच लागतो. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवा. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलं तर त्याच सुराला कितीतरी जास्त बळ लागतं. पट्टा ७-८ सेंटिमीटर रुंद घ्या आणि त्याची लांबी अशी ठेवा की बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीवर येईल. घरी बसून सराव करणाऱ्यांच्या बाबतीत नेमकी इथे गफलत होते. मांडीवर बेस उंच असतो, उभं राहिल्यावर तो कमरेखाली लोंबतो, आणि मनगट अशा कोनात वाकतं ज्याची त्याला सवयच नसते. चौथ्या आठवड्यापासून रोजचा सराव उभं राहूनच करा. एवढं करूनही बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री दुखत असेल, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे. घरी आवाज झकास येतो आणि बँडमध्ये हरवतो, याचं कारण तुमचे कान आणि तुमचा ईक्यू (ॲम्पवरचे खालच्या, मधल्या, वरच्या सुरांचे नॉब) यांच्यात आहे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून घरी आपण ‘लो’चा (खालच्या सुरांचा) नॉब वाढवतो आणि ‘मिड’चा (मधल्या सुरांचा) कमी करतो. एकट्याला तो आवाज गुबगुबीत, गोड वाटतो. तोच ईक्यू घेऊन रिहर्सलला गेलात आणि आवाज मोठा केलात, की कानाला लो आधीच भरपूर ऐकू येऊ लागतो, त्यावर तुमची वाढवलेली लो, आणि मिड मात्र गायब. उरतं ते घुमणं. तुमचा ड्रमर आणि गिटारवाला दोघंही खरं बोलतायत. लो जास्त आहे आणि बेस ऐकू येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर, डी ७३ वर, जी ९८ वर. पण १० इंची छोटा स्पीकर ४१ हर्ट्झ धड काढतच नाही. तुम्हाला जो ‘ई’ ऐकू येतो तो त्याच्या ८२, १२३, १६४ हर्ट्झच्या उपस्वरांवरून मेंदूने बांधलेला असतो. म्हणून सूर ओळखू येण्यासाठी लो वाढवायची नसते, उपस्वर राहतात तो मिडचा पट्टा मोकळा करायचा असतो. शिवाय लो वाढवणं महाग पडतं. ६० हर्ट्झला ६ डेसिबल चढवले, तर त्या पट्ट्यात ॲम्पला चौपट ताकद लागते. तुमच्या ३० वॉटमधली बहुतेक ताकद कोणाला ऐकू न येणाऱ्या हवेत चालली आहे.

पुढच्या रिहर्सलला हे करा. सगळे नॉब मधोमध. बेसवरचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा. बहुतेक जाझ बेसमध्ये दोन पिकअप (तारांखालचे चुंबकी माइक) एकमेकांची घरघर खोडतात, पण फक्त दोन्ही सारखे उघडे असतील तेव्हाच. आता गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या सिग्नलची पातळी) असा लावा की सगळ्यात जोरात वाजवलेल्या सुरालाच लाल दिवा लुकलुकेल, मग नॉब थोडा मागे घ्या. बँड सुरू झाला की लो थोडी कमी करा, मिड ५०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल वाढवा. एकट्याला हा आवाज नाकातला, उघडा वाटेल. वाटू द्या. तो बँडमध्ये ऐकून मगच मत बनवा, आणि शक्यतो खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून रेकॉर्ड करून ऐका. घुमणं तरीही असेल तर १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा कमी करा. बहुतेक गढूळपणा तिथेच साठतो.

गिटारवाल्यांशीही बोलावं लागेल. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झवर आहे, म्हणजे तुमच्या डी तारेवरच्या दुसऱ्या फ्रेटशी तंतोतंत एकरूप. दोन गिटारवाले आपापल्या ॲम्पवर लो वाढवून बसले असतील, तर तुमच्यासाठी जागाच उरत नाही. त्यांना ‘लो’चा नॉब एक-दोन अंक मागे घ्यायला सांगा. एकटी गिटार किंचित पातळ वाटेल, बँड मात्र रुंद वाटेल.

आणखी एक गोष्ट ईक्यूने सुटत नाही: नको त्या तारा वाजत राहणं. हेडफोनमध्ये हे जाणवत नाही, मोठ्या स्पीकरवर मोकळी ई किंवा ए मागे गुणगुणत राहिली की अख्खी खोली घुमते. उजवा अंगठा पिकअपवर रोवून ठेवण्याऐवजी तारांवर तरंगता ठेवा. ए वाजवताना तो ई तारेवर टेकलेला, डी वाजवताना ई-ए दोन्हींवर, जी वाजवताना तीन खालच्या तारांवर आडवा. वरच्या तारा डाव्या हाताच्या सैल बोटांनी झाकायच्या. तपासायचं कसं? जी तारेवर चार सूर जोरात वाजवा, एकदम थांबा आणि काय शिल्लक ऐकू येतं ते ऐका. काहीच ऐकू आलं नाही पाहिजे.

सूर कधी थांबवायचा हेही सूर कधी वाजवायचा इतकंच महत्त्वाचं आहे. आमच्या मते पबमध्ये वाजणाऱ्या हौशी बँडचा आवाज सगळ्यात जास्त सुधारतो तो इथे. किकबरोबर (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमबरोबर) सूर सुरू करा आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेला स्नेअर पडते तिथे तो कापून बघा. स्नेअरला मोकळी हवा मिळाली की तीच लय घट्ट वाटते, आवाज तसूभरही न वाढवता. सरावाला मेट्रोनोम अर्ध्या वेगावर ठेवा. गाणं १२० चं असेल तर ठोका ६० वर, आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतोय असं समजून वाजवा. समेवर कोणी बोट दाखवत नसताना सम सापडायला लागली की ड्रमरबरोबर तुम्ही आपोआप बसाल.

गाणी किती? पाऊण तासाच्या सेटमध्ये चार-चार मिनिटांची दहा-अकरा गाणी बसतात, मधली बोलणी धरून. म्हणजे दोन सेटना बावीस, आणि दोन जास्तीची. प्रत्येक गाण्याचा एक कागद करा: पट्टी, वेग, मोजणी कोण देतो, कडव्यांचा क्रम आणि शेवट कसा होतो. शेवटाची ओळ लाल शाईने लिहा, कारण बँड सगळ्यात जास्त शेवटालाच फाटतात. गायिकेला पट्टी बदलून हवी असेल तर आत्ताच ठरवा. ई मधलं गाणं अर्ध्या सुराने खाली आलं, तर चार तारांवर खालचा ई-फ्लॅट नाहीच. तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर घ्यावा लागेल आणि गाण्याचा सगळा रंग बदलेल. अशी एक-दोन गाणी असतील तर सप्तक वर घेऊन चालवा. पाच तारांच्या बेसचं उत्तर यातच आलं: नवी मान, नवं अंतर आणि झाकायला आणखी एक तार, हे सहा आठवड्यांत करू नका.

कंप्रेसरही आत्ता नको. त्याचा उपयोग नक्की आहे: ४:१ चं प्रमाण, २०-३० मिलिसेकंदांचा अटॅक, मोठ्या सुरांना ३ ते ६ डेसिबलची घट, की आवाज एकसारखा बसतो. पण मंचावर स्वतःचं ऐकू येत नसताना कंप्रेसर लावला, तर आपण जोरात वाजवतोय की हळू हेच कळेनासं होतं आणि हात आणखी जोर करतात. हाताने सारखं वाजवता आलं की मग घ्या.

तर ॲम्प. तुमच्या ३० वॉटच्या जागी ३०० वॉट घेतले तर फरक १० डेसिबलचा, म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं वाटेल एवढाच पडतो. म्हणून नुसता वॉटचा आकडा बघून भुलू नका, स्पीकरचं क्षेत्रफळ बघा. १२ इंची स्पीकर १० इंचीपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त हवा ढकलतो. मोकळ्या हाताने वाजवणाऱ्या ड्रमरच्या शेजारी, छोट्या-मध्यम पबमध्ये, ३०० ते ५०० वॉटचं क्लास-डी हेड (स्पीकर नसलेला हलका ॲम्प) आणि एक चांगलं १२ इंची किंवा दोन १० इंचींचं कॅबिनेट (स्पीकरचं खोकं) पुरतं. हेड दोन-तीन किलोंचं असतं, बेसच्या पिशवीच्या कप्प्यात मावतं.

घेताना ओहम समजून घ्या. बहुतेक हेडचा वॉटचा आकडा ४ ओहमला दिलेला असतो. ८ ओहमचं एकच कॅबिनेट लावलं तर त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्तच ताकद मिळते. तरीही आमचा सल्ला ८ ओहमचंच घ्यायचा, कारण पुढे तसंच दुसरं लावता येतं: दोन ८ ओहम मिळून ४ ओहम होतात. पहिलंच ४ ओहमचं घेतलं आणि दुसरं ४ चं जोडलं तर २ ओहम होतात, आणि जे हेड ४ च्या खाली चालत नाही ते तापून मध्येच बंद पडतं. हेड आणि कॅबिनेट यांच्यात स्पीकर केबलच लावा, शक्यतो स्पीकॉनची. गिटारची केबल दिसायला जाड असते, आतला तांब्याचा धागा मात्र बारीक. ती तापते, ताकद खाते आणि वितळूही शकते. हेडवर हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज गाळणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झवर ठेवा. त्याखाली तुमच्या बेसचा कोणताही सूर नाही, पण तारेवर हात पडण्याचे धक्के असतात, आणि स्पीकरचा पडदा त्यांनीच विनाकारण हलतो.

सहा आठवड्यांत हे जमलं नाही तरी कार्यक्रम अडत नाही. पबच्या पीएला (मुख्य ध्वनियंत्रणेला) सबवूफर (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) आहेत का ते आधीच विचारून घ्या. असतील तर डीआय बॉक्समधून (बेस थेट मिक्सरला जोडणाऱ्या डबीतून) मिक्सरला सिग्नल द्या आणि तुमचा ३० वॉटचा ॲम्प फक्त स्वतःला ऐकायला, कानाच्या उंचीवर ठेवा. नसतील, नुसते १२ इंची टॉप असतील, तर त्यांच्यावर बेसचा भार टाकू नका, नाहीतर गायिकेचा आवाज चिरकायला लागतो. तिथे एका कार्यक्रमापुरता मोठा ॲम्प भाड्याने आणा. ॲम्पवरचाच डीआय वापरत असाल तर त्याचं बटण ‘ईक्यूच्या आधी’ वर ठेवा, म्हणजे तुम्ही मंचावर नॉब फिरवलेत तरी बाहेरचा आवाज हलत नाही.

जागेवर पोचल्यावर कॅबिनेट कुठे ठेवता याला ईक्यूइतकंच वजन आहे. कोपऱ्यात ठेवलं तर दोन भिंती आणि जमीन मिळून लो फुगवतात. मागच्या भिंतीपासून एक मीटर पुढे ठेवलं तर भिंतीवरून परत येणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेला खोडते, आणि काही सूर गिळल्यासारखे होतात. कोपरा टाळून भिंतीला जवळपास चिकटवून ठेवणं सगळ्यात बिनधोक, आणि मग लो नॉबने कमी करायची. कॅबिनेट जमिनीवर असेल तर ते मागे कलतं करा किंवा एखाद्या मजबूत खोक्यावर चढवा. मिड आणि हाय सरळ रेषेत जातात. जमिनीवरच्या स्पीकरमधून ते तुमच्या पायांशी जातात आणि तुम्हाला नुसती लो ऐकू येते. मग तुम्ही आवाज वाढवता, आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाला मात्र मिडचा मारा बसतो. लाकडी पोकळ मंच असेल तर खाली ५-७ सेंटिमीटरचा घट्ट फोम घाला. उभे राहा हाय-हॅटच्या बाजूला, म्हणजे ड्रमरचा किकवरचा पाय दिसतो, आणि कॅबिनेटपासून दीड-दोन मीटर तरी पुढे.

एखादाच सूर घुमत असेल तर दोष खोलीचा असतो. समोरासमोरच्या भिंती ३.१ मीटरवर असतील तर नेमका ५५ हर्ट्झचा ए सुजतो. तोच ए ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर वाजवून फायदा नाही, सूर तोच राहतो. तो आखूड वाजवा किंवा एक सप्तक वर घ्या. साउंडचेक रिकाम्या खोलीत होतो. माणसं भरली की मिड आणि हाय शोषले जातात, लो फारशी नाही, म्हणून दुसऱ्या गाण्यानंतर मिड किंचित वाढवावी लागेल हे धरून चाला.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. बेसच्या तारा आणि गायिकेचा माइक वेगवेगळ्या बोर्डावरून आले आणि एकाचं अर्थिंग सदोष असेल, तर दोन्हींना एकाच वेळी स्पर्श करणाऱ्याला झटका बसतो, आणि तो जीवघेणाही असू शकतो. साउंडचेकआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून तारा आणि माइकची जाळी यांतला दाब मोजा. काही व्होल्टच्या वर आला तर बोर्ड बदलेपर्यंत वाजवू नका. घरघर घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. डीआयवरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ त्यासाठीच असतं.

पिशवीत हे असू द्या: दोन केबल, जास्तीची स्पीकर केबल, ट्यूनर, तारांचा संच, सॅडल आणि ट्रस रॉडच्या ॲलन की, ॲम्पच्या मागे लिहिलेल्याच मापाचे दोन फ्यूज, एक्स्टेन्शन बोर्ड, गॅफर टेप, छोटी बॅटरी-टॉर्च. बेस ॲक्टिव्ह असेल तर ९ व्होल्टचा नवा सेल, कारण केबल खोचली की तो खर्च व्हायला लागतो, आणि मध्यंतरात केबल तशीच ठेवली तर दुसऱ्या सेटला आवाज फाटायला लागतो. केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकला लावा. पाय पडला तरी जॅक उपटत नाही.

मध्येच आवाज गेला तर क्रम हा: ट्यूनर म्यूटवर आहे का, ॲम्प म्यूटवर आहे का, मग बेसवरचा व्हॉल्यूम, मग सगळी पेडल वगळून एका केबलने बेस थेट ॲम्पला, मग केबल बदला. ड्रमर आणि गिटारवाले तोवर वाजवत राहतील हे आधी ठरवलेलं असावं. बेसचा जॅक सैल होऊन फिरत असेल तर त्याचं नट आजच आवळा. तो आतून फिरत राहिला की टाक्याची तार तुटते, आणि ती बहुधा मंचावरच तुटते.

कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पण दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला १५ मिनिटं. ड्रमशेजारी १०० सहज होतात, आणि तुमचे सेट पाऊण तासाचे आहेत. सगळे सूर सारखेच कमी करणारे, १५ ते २० डेसिबलचे संगीतकारांचे इअरप्लग आत्ताच घ्या आणि सगळ्या रिहर्सल ते घालूनच करा. त्यांच्यासह स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येतो, आणि त्याची सवय पहिल्यांदा मंचावर करायची नसते.

पाचव्या आठवड्यात दोन्ही सेट उभ्याने, मध्ये न थांबता, एकदा पूर्ण वाजवा. चुकलं तरी परत सुरू करायचं नाही. त्या दिवशी अंगठा कितव्या गाण्याला भरला ते लिहून ठेवा. सहाव्या गाण्याच्या आत भरला, तर सतराव्या फ्रेटवरची उंची आणि पट्ट्याची लांबी पुन्हा मोजा. अकराव्यानंतर भरला, तर सेटच्या क्रमात सलग आठ-आठ सुरांचं धावणारं गाणं कुठे आहे ते बघा आणि त्याच्यापुढे एक संथ गाणं ठेवा.